तुमचं किती?

लातूर असो की बीड, किडनीच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्यांची ओळख नाव-गाव विचारून होत नाही. "तुमचं किती?" "एक पॉइंट चार." "मग माझ्याएवढंच की!" आणि दोघंही निवांत.

निवांत व्हायचं कारण नसतं. विचारतात ते रक्तातलं क्रिएटिनिन. हा स्नायूंच्या कामातून रोज निघणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. अंगात स्नायू जास्त, तर कचराही जास्त. म्हणून वय आणि स्त्री-पुरुष हा फरक धरून 'जीएफआर' काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्याचा अंदाज. २५ वर्षांच्या पोराचं क्रिएटिनिन १.४ असेल तर जीएफआर येतो साधारण ७१. तेच १.४ साठीच्या बाईचं असेल तर ४३! तीन महिन्यांहून जास्त काळ आकडा ६०च्या खाली राहिला की तो किडनीचा जुनाट आजार. पोराचीही सुटका नाही. लघवीतून प्रथिनं जातात का, ते त्यालाही तपासावंच लागतं.

'पॉइंट'चा हिशेबही फसवा. पन्नाशीच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १ वरून २ झालं तर जीएफआर ९२ वरून ४० वर येतो. ६ वरून ७ झालं तर ११ वरून ९. वाढ दोन्हीकडे एकाच पॉइंटची. आपण मात्र दोनला "थोडंसं वाढलंय" म्हणतो आणि सातला हातपाय गाळतो. धावपळ करायची ती दोनला.

धावपळ म्हणजे काय, तर साखर आणि बीपी ताब्यात, आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर. ठेचा, लोणचं, पापड त्यातच आले. दुकानातलं 'लो सोडियम' मीठ मात्र परस्पर आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि थकलेल्या किडनीला तेच बाहेर टाकता येत नाही. रक्तात ते फार साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती कंबरदुखीच्या गोळीची. मे महिन्यात, ४२ अंशांच्या उन्हात नांगरटीमागे ढेकळं फोडताना अंगातलं पाणी आटतं, किडनीकडे रक्त कमी येतं. तेव्हा किडनी आत येणारी रक्तवाहिनी रुंद करून कसंबसं भागवते, जसं कालव्याच्या टेलला पाणी पोचावं म्हणून चारी मोकळी करावी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकी ही सोय बंद करतात. दुखणं थांबतं म्हणून माणूस खुशीत, आणि आत गाळण मंदावलेली. जुलाब-उलट्या लागल्या तरी हीच गत. अशा वेळी बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारून फाइलवर लिहून घ्यावं. आणि मेडिकलवर गोळी मागताना "मला किडनीचा त्रास आहे" हे आपणच सांगायचं. काउंटरवरचा पोरगा विचारत नसतो.