नाल कुणाच्या खिशातून?

दारूबंदीच्या गुजरातेत, गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या वित्तीय वसाहतीत, डिसेंबर २०२३मध्ये दारूला मर्यादित मुभा मिळाली. तेव्हापासून बडोद्याच्या दांडिया बाजारात चहाबरोबर एक प्रश्न अधूनमधून निघतो: दारू चालते, तर कॅसिनो का नको? एखादं आलिशान रिसॉर्ट येईल, पोरांना नोकऱ्या लागतील, तिजोरीत कर जमेल. नाहीतरी आपली माणसं गोव्याला जाऊन पैसे उडवतातच, ते इथंच उडवू देत. युक्तिवाद टाकाऊ नाही. पण नीतीचा वाद सुरू करण्याआधी त्यातलं गणित पाहिलेलं बरं.

कायद्याचं थोडक्यात. जुगार हा राज्यघटनेनं राज्यांकडे सोपवलेला विषय. गुजरातेत मुंबई प्रांताचा १८८७चा जुगारबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे. गोव्यानं १९९२मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंना दार उघडलं. महाराष्ट्राची गंमत वेगळीच. १९७६मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलातच आणला नाही, आणि ४७ वर्षांनी, २०२३मध्ये, रद्द करून टाकला.

आता खेळाच्या गणिताकडे वळू. श्रावणात सातम-आठमला, म्हणजे जन्माष्टमीच्या सणात, गुजरातभर पत्ते पडतात. चार शेजारी तीन पत्ती खेळले, तर एकाचे गेलेले पैसे दुसऱ्याकडे जातात. चौघांची बेरीज शून्यच राहते. अड्ड्यावर मात्र मालक प्रत्येक डावातून आपला वाटा, म्हणजे नाल, काढतो. कॅसिनोतही नाल असते, फक्त ती खेळाच्या नियमातच मुरवलेली असते. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी सोडून खेळायचा जुगार. युरोपीय रूलेटच्या चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि शून्याचं एक हिरवं. लालवर १०० रुपये लावले आणि लाल आलं, तर वर १०० मिळतात. हिरवं घर नसतं तर हा सौदा बरोबरीचा होता. त्या एका घरामुळे प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे चाकाकडे जातात. अमेरिकी चाकावर शून्याची दोन घरं असतात, तिथं हाच आकडा ५ रुपये २६ पैसे होतो.

२ रुपये ७० पैसे म्हणजे चिल्लर, असं वाटेल. पण एखाद्यानं संध्याकाळी १०० रुपयांचे ४० डाव लालवर लावले, तर त्याचा सरासरी तोटा १०८ रुपये, आणि नशिबानं होणारी वरखाली सुमारे ६३० रुपये. म्हणजे त्या संध्याकाळी नशीब चाकापेक्षा जवळजवळ सहापट मोठं. अशा १०० जणांतले साधारण ३७ जण जिंकूनच घरी जातील, आणि ओट्यावर किस्से सांगायला तेच बसतील. कॅसिनोच्या बाजूनं मात्र हेच डाव लाखांत मोजायचे. एक लाख डावांत एक कोटी रुपये लागले, तर चाकाचा वाटा २ लाख ७० हजार, आणि नशिबाची वरखाली जेमतेम ३२ हजार. इथं नशीब उरतच नाही. १७१३मध्ये छापल्या गेलेल्या याकोब बर्नुलीच्या ग्रंथात ज्या मोठ्या संख्यांच्या नियमाची (डाव जितके जास्त, तितकी सरासरी ठरल्या आकड्याजवळ) सिद्धता आहे, त्याच्यावर कॅसिनोचा सगळा धंदा उभा आहे. म्हणून कॅसिनो चालवणारा जुगारी नसतो. हिशेबानं पाहिलं तर तो विमा कंपनीचाच भाऊबंद आहे.

खेळणारा मात्र थांबत नाही. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूपेशी अपेक्षित बक्षिसापेक्षा अनपेक्षित बक्षिसाला जास्त जोरानं प्रतिसाद देतात. ठरलेल्या पगारानं त्या हलत नाहीत, अवचित लागलेल्या डावानं हलतात. जुगाराच्या यंत्रात दोन चित्रं जुळून तिसरं थोडक्यात हुकलं, तर ती खरं म्हणजे हार. पण मेंदू तिला जिंकण्याच्या शेजारची जागा देतो. जुगाराच्या विकाराला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेनं २०१३मध्ये व्यसनांच्या रांगेत बसवलं, ते उगीच नाही.

तिजोरीच्या हिशेबात ही गोष्ट महत्त्वाची ठरते, कारण कॅसिनोचं उत्पन्न सगळ्यांकडून सारखं येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगाचा २०१०चा अंदाज असा, की जुगाराच्या यंत्रांवर होणाऱ्या खर्चातला सुमारे ४० टक्के वाटा व्यसनाधीनांचा असतो. दुसरा आकडा अंतराचा. अमेरिकेच्या जुगारविषयक राष्ट्रीय आयोगासाठी १९९९मध्ये झालेल्या अभ्यासात, कॅसिनोपासून ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांत जुगाराच्या व्यसनाचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरी बडोद्याभोवती तेवढं वर्तुळ काढून पाहा: आणंद, नडियाद, भरूच सगळे आत येतात.

आता अर्थशास्त्र. बाहेरगावचा माणूस येऊन पैसे हरला, तर राज्याच्या दृष्टीनं ती निर्यात. चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावनं तेच केलं: मुख्य चीनमधल्या गिऱ्हाइकांच्या जोरावर २००६मध्ये जुगाराच्या उत्पन्नात लास व्हेगासला मागं टाकलं. (एकाच धंद्यावर विसंबण्याची किंमतही मोजली, २०२०मध्ये साथीमुळे वाट बंद झाली आणि अर्थव्यवस्था निम्म्याहून जास्त आकसली.) पण बडोद्याच्या मांडवी भागातला माणूस गावातल्याच अलकापुरीत जाऊन हरला, तर राज्यात नवा पैसा आला कुठं? तोच पैसा कपड्याच्या दुकानात, हॉटेलात किंवा मुलाच्या क्लासला गेला असता. कर वाढेल, हे मान्य. सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे, तोही चिप्ससाठी (पैशांऐवजी खेळायला घ्यायच्या सोंगट्यांसाठी) भरलेल्या पूर्ण रकमेवर. त्यातला निम्मा केंद्राकडे जातो, आणि ओस पडलेल्या दुकानाची खोट तिजोरीच्या त्या रकान्यात कधीच दिसत नाही.

ज्यांनी हा धंदा नीट केला, त्यांनी म्हणूनच आपल्या माणसांना दाराबाहेर ठेवलं. मोनॅकोच्या नागरिकांना तिथल्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे, नेपाळमध्ये नेपाळ्यांना बंदी आहे, गोव्यानं २०२०मध्ये गोवेकरांना बंदी केली. सिंगापूर परदेशी पाहुण्यांना फुकट आत सोडतं, पण नागरिकाकडून २४ तासांचे १५० सिंगापुरी डॉलर घेतं. दक्षिण कोरियात एकाच कॅसिनोत कोरियन माणसाला प्रवेश आहे. कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या डोंगराळ भागाला जगवण्यासाठी तो २००० साली सुरू झाला. रोजगार आला, आणि कॅसिनोच्या वाटेवर गाड्या, घड्याळं गहाण ठेवून घेणारी दुकानंही आली.

त्या खाणगावात माणसं रिकामी होती. बडोद्याला रिफायनरी आहे, खत कारखाना आहे, औषधांचे आणि यंत्रांचे उद्योग आहेत. इथल्या रिसॉर्टमध्ये लागणारा इलेक्ट्रिशियन, आचारी किंवा हिशेबनीस आधी कुठंतरी कामावरच असेल. नोकरी बदलली, वाढली नाही.

राहिला गोव्याला जाणारा पैसा. माझ्या मते कॅसिनोच्या बाजूचा हाच खरा मुद्दा आहे. तो पैसा इथं थांबला, तर फायदा नक्की. पण जो वर्षातून एकदा गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या जहाजात जायचा, तो दर शनिवारी हायवेवरच्या कॅसिनोत जाऊ लागला, तर थांबलेल्या पैशापेक्षा नव्यानं हरलेला जास्त होईल. म्हणून अशा प्रकल्पाचा अहवाल कधी समोर आलाच, तर नोकऱ्यांचा आकडा मी नंतर वाचेन. आधी पाहीन ते गिऱ्हाइकांचं अपेक्षित मूळ गाव: पार्किंगमध्ये महाराष्ट्र, राजस्थान, मध्य प्रदेशच्या किती गाड्या धरल्या आहेत, आणि अहमदाबाद, सुरत, बडोद्याच्या किती.