भुवया गोंदवताना: रेषा घ्याव्यात की ठिपके?

नागपुरात धरमपेठेतल्या किंवा सदरमधल्या एखाद्या पार्लरमध्ये 'कायमच्या आयब्रो'बद्दल विचारलं, की आधी मोबाइल पुढे येतो. मायक्रोब्लेडिंग, पावडर, ओम्ब्रे, कॉम्बो, नॅनो अशी नावं आणि प्रत्येक नावाखाली कोरून काढल्यासारख्या भुवयांचे फोटो. बहुतेक फोटो काम संपल्यासंपल्या काढलेले असतात. त्या वेळी रंगाचा बराचसा भाग कातडीच्या अशा थरात असतो, जो महिन्याभरात झडून जाणार आहे. त्यामुळे फोटो आवडला म्हणून पद्धत निवडणं मला पटत नाही. पद्धत ठरते ती आपल्या कातडीवरून.

कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. चेहऱ्यावर ती जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. तिच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात आणि साधारण चार आठवड्यांत झडतात. रंग इथेच अडकला तर पेशींबरोबर तोही जातो. सुईला पोहोचायचं असतं त्याखालच्या अंतस्त्वचेच्या अगदी वरच्या भागात. त्याच्या वर थांबली तर काम वाया, आणि खोल गेली तर रेष पसरते, रंग निळसर दिसायला लागतो.

हा निळसरपणा विदर्भात घरोघरी पाहायला मिळतो. आजीच्या हातावरचं गोंदण आठवा. गोंदणारीने वापरलेली काजळी काळीकुट्ट होती, तरी गोंदण हिरवट-निळं दिसतं. प्रकाश कातडीत शिरला की लाल किरण खोलवर जाऊन काजळीत शोषले जातात, तर निळे किरण वरच्यावर विखरून परत डोळ्यांपर्यंत येतात. रंगाचे कण जितके खोल, तितकी निळी झाक जास्त. भुवईचं काम करणारीचा हात जड असेल, तर तपकिरी म्हणून भरलेली भुवई काही वर्षांत राखाडी-निळी होते, त्याचं एक मोठं कारण हेच.

रंग टिकतो कसा, तेही गमतीदार आहे. टोचल्यावर शरीर त्या कणांना परके समजतं आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं, की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच रंग पुन्हा गिळते. म्हणजे गोंदण म्हणजे एकदा भरून ठेवलेला डाग नाही, पेशींच्या पिढ्यांमध्ये चाललेली ती देवाणघेवाण आहे. या व्यवहारात थोडे कण लसिकावाहिन्यांमधून, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून, निसटत राहतात. रेषांच्या कडा वर्षागणिक मऊ होत जातात, त्या यामुळेच.

आता पद्धतींकडे येऊ. मायक्रोब्लेडिंगमध्ये ब्लेड म्हणतात ती वस्तू खरं तर एका ओळीत बसवलेल्या बारीक सुयांची असते. हाताने ओढून केसासारखे पातळ छेद घेतात आणि त्यांत रंग भरतात. कोरडी किंवा सर्वसाधारण कातडी, बारीक रंध्रं आणि मुळात थोडेफार केस असतील, तर याइतकं खरं दुसरं काही दिसत नाही. तेलकट कातडीवर मात्र निराशा होते. तिथली रंध्रं मोठी असतात, त्यांच्यावरून गेलेली रेष तुटते, शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि वर्षभरात त्यांचा एक सलग पट्टा उरतो. शिवाय प्रत्येक रेष म्हणजे छेद. दरवर्षी त्याच जागी नवे छेद घेत राहिलं तर कातडीवर वण धरतात, आणि वणावर पुढचा रंग नीट बसत नाही.

पावडर आणि ओम्ब्रेमध्ये छेद नसतो. मशीनची सुई कातडीत बारीक ठिपके टाकत जाते. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला की ठिपके दिसतात आणि दूर धरला की चेहरा, तसंच हे. ओम्ब्रेमध्ये नाकाकडची बाजू विरळ आणि शेपटी दाट ठेवतात, एवढाच फरक. ठिपका थोडा पसरला तरी शेजारच्या ठिपक्यात मिसळून जातो, म्हणून तेलकट कातडीवर ही पद्धत जास्त तग धरते. मायक्रोब्लेडिंग साधारण वर्ष-दीड वर्षं नीट दिसतं, पावडरचं काम दोन-तीन वर्षं. दिसायला मात्र ती पेन्सिल फिरवलेली भुवईच असते. केसांचा भास हवा असेल तर पावडरकडून तो मिळणार नाही. नॅनोमध्ये रेषाच असतात, पण त्या मशीनच्या एकाच अतिबारीक सुईने काढतात, त्यामुळे इजा कमी. कॉम्बो म्हणजे पुढे रेषा, मागे ठिपके.

मला विचाराल, तर नागपुरात कपाळ दुपारपर्यंत तेलकट होत असेल तर मशीनची पद्धत बरी. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचाही विचार इथे येतो. ती इजेला रंगद्रव्य वाढवून उत्तर देते, पिंपलचा डाग महिनोन् महिने राहतो तसंच. जितके छेद कमी, तितका हा धोका कमी.

दुसरा प्रश्न ऋतूचा. पहिले आठ-दहा दिवस भुवई घामाने भिजता कामा नये, खपली ओढली जाता कामा नये आणि ऊन लागता कामा नये. नवतपात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, पारा पंचेचाळिशीवर असताना, चेहऱ्याला घट्ट स्कार्फ बांधून स्कूटीवरून सीताबर्डीला जाणाऱ्या मुलीने या तीन अटी कशा पाळायच्या? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मे महिन्यातल्या लग्नासाठी करायचं असेल तरी फेब्रुवारीतच उरकावं. पहिल्या आठवड्यात भुवई भलतीच गडद दिसते, खपली पडली की रंग उडाल्यासारखा वाटतो, आणि वरची नवी कातडी निवळल्यावर चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा वर येतो. खरा रंग तेव्हा कळतो. टचअप, म्हणजे राहिलेल्या जागा भरून घेण्याची दुसरी फेरी, सहा आठवड्यांच्या आसपास करतात, ते म्हणूनच.

पद्धतीच्या नावापेक्षा बाटलीतला रंग जास्त महत्त्वाचा, असं माझं मत आहे, आणि त्याबद्दल कोणीच विचारत नाही. बाटलीवर 'सीआय' (कलर इंडेक्स) आकडे असतात, म्हणजे प्रत्येक रंगद्रव्याचा ठरलेला क्रमांक. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ म्हणजे अनुक्रमे लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड. ७७२६६ म्हणजे कार्बन, आजीच्या काजळीचाच शुद्ध अवतार. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा. आयर्न ऑक्साइडची भुवई फिकी होताना बहुधा लालसर होते, कार्बनची राखाडी. लालसरपणा दुरुस्त करता येतो, कार्बन मात्र हटता हटत नाही. आणि काम बिघडलं तर 'लेझरने काढू' हा दिलासा फसवा आहे. लेझरच्या माऱ्याने तपकिरी-लाल आयर्न ऑक्साइड क्षणात काळं पडू शकतं, कारण त्यातलं लोह रासायनिकदृष्ट्या बदलतं. पांढरा टायटॅनियमही राखाडी-निळा होऊ शकतो. म्हणून लेझरवाल्या डॉक्टरांना आधी छोट्याशा जागेवर चाचणी घ्यायला सांगावं.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट तपासायची राहून जाते: भुवया विरळ झाल्या कशाने? वर्षानुवर्षांच्या थ्रेडिंगने होतात, तशा थायरॉइड मंदावल्यानेही होतात. बाहेरचा एक-तृतीयांश भाग झडला असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्यावी. कुष्ठरोगातही भुवया झडतात. वरोऱ्याचं आनंदवन आपल्याला ठाऊक असतं, पण हे लक्षण ठाऊक नसतं, आणि वेळेत औषध घेतलं तर हा रोग पूर्ण बरा होतो. अशा भुवईवर रंग भरला तर फक्त निदान लांबतं. कोड किंवा सोरायसिस असलेल्यांनी त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय सुई लावू नये. या आजारांत कातडीला इजा झाली की नेमक्या त्याच जागी नवा चट्टा उठू शकतो. वण वाढून कीलॉइड होण्याची प्रवृत्ती असेल, गर्भारपण असेल, पिंपलसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील, तर थांबलेलं बरं. सुई नवी आहे, समोर फोडली आहे, हे पाहायला लाजू नये, कारण कावीळ बी आणि सी रक्तातून पसरतात. रक्तदान करत असाल तर गोंदवल्यानंतर वर्षभर ते करता येत नाही.

एमआरआयची भीतीही बरेच जण बोलून दाखवतात. आयर्न ऑक्साइड चुंबकाला प्रतिसाद देतं, त्यामुळे क्वचित भुवईवर चटका किंवा ओढल्यासारखं जाणवतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोंदण असलेल्या तीनशेहून अधिक लोकांचं स्कॅनिंग झालं आणि धोका अगदी नगण्य आढळला. तेव्हा भुवयांपायी स्कॅन टाळू नये. आत जाण्याआधी तंत्रज्ञांना सांगून ठेवावं आणि चटका जाणवला तर हातातला बझर दाबावा.