सव्वा इंची पाइपच का घेतला?

इंदूरजवळच्या पीथमपूरचं नाव निघालं की लोकांना नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आठवतो. मला आठवते ती 2007पासून तिथे भरणारी ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धा. खडबडीत वाटेवर धावणारी, एकाच माणसाची गाडी अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः आखतात, बांधतात आणि पळवून दाखवतात. मूळ स्पर्धा अमेरिकेतली, 1976ची.

पेट्रोल गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, साधारण 10 अश्वशक्तीचं, आणि त्यात फेरफार करायला बंदी. ताकद वाढवता येत नाही, तेव्हा पहिली नजर जाते वजनाकडे.

गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा पिंजरा, म्हणजे रोलकेज, घ्या. त्याच्या मुख्य भागांसाठी नियमांतला प्रमाण पाइप साधारण 25 मिलिमीटर व्यासाचा आणि 3 मिलिमीटर जाडीचा. दुसरा वापरायचा तर तोही वाकण्याला निदान तितकाच विरोध करतो, हे गणिताने सिद्ध करावं लागतं. सव्वा इंच (सुमारे 32 मिलिमीटर) व्यासाचा, 1.65 मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला तर वजन जवळपास पाव हिश्श्याने घटतं आणि ताठपणा उलट तीस ते चाळीस टक्क्यांनी वाढतो! कारण धातू मध्यरेषेपासून जितका लांब, तितका वाकण्याला त्याचा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर्गात हे सूत्र सगळेच लिहितात. पण पातळ पाइप वेल्ड करताना करंट जरा चढा राहिला की भिंत वितळून भोक पडतं, हे वर्कशॉपमध्येच कळतं. मग मुलं पुन्हा हिशोबाला बसतात: वाचवलेलं वजन हवं, की खात्रीचा जोड?

शेवटची शर्यत चार तासांची. एका धक्क्याला सहज पुरून उरणारा भाग हजारो धक्क्यांनंतर तुटू शकतो, आणि चीर बहुधा एखाद्या तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होते. तिथे थोडी गोलाई दिली असती तर ताण पसरला असता. धातूची थकवण असा तुटका तुकडा हातात धरून जशी समजते, तशी आलेखावरून समजत नाही.

परीक्षक विचारतात, ‘हाच पाइप का?’ ‘मागच्या वर्षीच्या गाडीला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही.

इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगरातले आईवडील काळजीने विचारतात, ‘यात मुलाचा अभ्यास बुडत नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. रात्री जागून केलेल्या या कामाला कॉलेजांनी श्रेयांक द्यायलाच हवेत. मात्र दोघंतिघं राबतात आणि बाकीचे टी-शर्ट घालून फोटोत उभे राहतात, अशा संघात शिक्षण त्या दोघातिघांचंच होतं. म्हणून प्रत्येकाच्या नावावर एक तरी भाग असावा: आखणीपासून वेल्डिंगपर्यंत त्याचाच, आणि तोंडी परीक्षाही त्याच भागावर. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी जाण्याआधी काय तुटलं, कुठून तुटलं याची वही धाकट्यांच्या हाती द्यावी, मोजमापांसकट.