सामूहिक वनसंसाधन हक्काचा दावा : फाईल परत का येते?

गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जंगलाचं संरक्षण आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे असावं, यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक वनसंसाधन हक्क आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला तो २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर मिळाला. इतर गावांचे दावे ज्या त्रुटींसाठी परत येतात, त्यातल्या बऱ्याच त्रुटी मुळात त्रुटीच नसतात.

सर्वात मोठा घोळ १३ डिसेंबर २००५ या तारखेचा. ‘मुदत कधीच संपली’ असं ऐकून लोक गुमान घरी जातात. ही अर्जाची शेवटची तारीख नाही. त्या तारखेच्या आधीपासून तुम्ही वनात राहता आणि वनावर अवलंबून आहात का, एवढंच तिच्यावरून पाहायचं. दावा करायची तीन महिन्यांची मुदतही अशीच चुकीची सांगितली जाते. ग्रामसभेने दावे मागवले की ती सुरू होते, आणि कारण नोंदवून ती वाढवण्याचा अधिकार ग्रामसभेलाच आहे.

पात्रतेत अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी असे दोन गट. दुसऱ्या गटाला त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवाव्या लागतात. पण त्या वास्तव्याच्या आणि अवलंबनाच्या, जमिनीवरच्या ताब्याच्या नव्हेत. ग्रामसभेत या गटांतले काही सदस्य असले तरी दावा करता येतो, असं दाव्याच्या अर्जाच्या नमुन्यातच छापलं आहे. सदस्यांची यादी जोडून नावापुढे गट लिहा. घरटी जातीचे दाखले गोळा करत वर्ष घालवू नका. चार हेक्टरची मर्यादा फक्त वैयक्तिक दाव्याला आहे.

नमुना नीट बघून घ्या. वैयक्तिक हक्काचा वेगळा, चराई-वनोपजासारख्या सामूहिक हक्कांचा वेगळा आणि वनसंसाधनाचा तिसरा, जो २०१२ च्या दुरुस्तीने आला. चराई-वनोपजाचाच नमुना भरला तर वापराचा हक्क मिळेल, व्यवस्थापनाचा नाही.

आता पुरावे. किमान दोन प्रकारचे हवेत. पूर्व विदर्भात निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या चराई-जळणासारख्या हक्कांची जुनी सरकारी नोंद, मिळू शकतं. कोकणातल्या पाड्याकडे ते कुठून येणार? अमुकच कागद आणा, असा हट्ट दावा तपासणाऱ्या उपविभागस्तरीय किंवा जिल्हास्तरीय समितीला धरता येत नाही. उपग्रह नकाशा पूरक आहे, इतर पुराव्यांना पर्याय नाही. ज्येष्ठांचा लेखी जबाब आणि जागेवरच्या खुणा, म्हणजे देवराई, जुनी विहीर, दफनभूमी, हेही कायद्याने पुरावेच. मात्र ‘आम्ही पूर्वापार जंगल वापरतो’ अशी एक ओळ लिहून अंगठा घेतला तर तो जबाब टिकत नाही. कोणत्या नाल्यापासून कोणत्या टेकडीपर्यंत, मोहफुलं कुठे वेचत, वणवा लागला की कोण धावत, हे सगळं येऊ द्या. जबाब दावेदारांव्यतिरिक्त ज्येष्ठांचा लागतो, म्हणून शेजारगावच्या म्हाताऱ्यांचा अवश्य घ्या. हद्दीवरून पुढे कटकट झाली तर तोच उपयोगी पडतो. हद्दी एकमेकींत शिरत असतील तर दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी (दाव्यांचं काम पाहणाऱ्या ग्रामसभेच्या समित्या) एकत्र बसून निष्कर्ष लिहून द्यायचा.

नकाशावर पारंपरिक हद्द आणि खुणा दाखवा. कक्ष क्रमांक, म्हणजे वनविभागाने जंगलाच्या तुकड्याला दिलेला नंबर, ‘माहीत असल्यास’ द्यायचा आहे. तो नाही म्हणून फाईल अडवणाऱ्याला नमुन्यातली ती ओळ बोट ठेवून दाखवा.

खरी चूक गावाकडून होते ती कोरममध्ये, म्हणजे किमान हजेरीत. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजेरीत किमान एक तृतीयांश महिला. ठरावात एकूण सदस्य, हजर सदस्य आणि त्यातल्या महिला हे तिन्ही आकडे लिहा आणि सह्यांशी जुळवून पाहा. महिलांच्या सह्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून घेण्याची सवय सोडा. त्यावर बोट ठेवायला एक हरकत पुरते.

स्थळ पडताळणीची सूचना वन आणि महसूल विभागाला लेखी द्या, पोच जपून ठेवा. ते आलेच नाहीत आणि नंतर त्याच कारणावरून हरकत घेतली, तर पुन्हा पडताळणी होते. तेव्हाही गैरहजर राहिले तर पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम.

पुढे दावा ग्रामसभेकडून उपविभागस्तरीय आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. अपुरा वाटला तर परस्पर फेटाळायचा नाही, कारणं लिहून ग्रामसभेकडे परत पाठवायचा. ‘साहेब नाही म्हणाले’ हा निर्णय नव्हे. लेखी मागा, कारण अपिलाला लेखी कारणच लागतं. उपविभागाच्या निर्णयावर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. अनुसूचित क्षेत्रात (आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या भागात) त्याच्याही वर, २०२० च्या अधिसूचनेनुसार, विभागीय समितीकडे अपील करता येतं.