स्नूपी दोन पायांवर कसा उभा राहिला

1950 सालच्या 'पीनट्स' या अमेरिकी चित्रपट्टीतला स्नूपी हा कुत्रा पाहिला तर ओळख पटत नाही. चार पायांवर पळणारं एक साधं पिल्लू. त्याच्या डोक्यावर अजून विचारांचा फुगाही आलेला नाही. त्याच्याशेजारी 1970 चा स्नूपी ठेवला, तर ही दोन वेगळ्या चित्रकारांची कामं वाटावीत. प्रत्यक्षात दोन्ही चार्ल्स शुल्झ यांचीच. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांनी हाताखाली मदतनीस घेतला नाही. पेन्सिल, शाई, फुग्यातली अक्षरं, सगळं एकहाती. रेषा काळाबरोबर कशी बदलत जाते हे तपासायला म्हणूनच यासारखं उदाहरण नाही. मध्ये दुसऱ्या कुणाचा हात शिरलेलाच नाही.

शुल्झ यांचा जन्म 1922 चा, अमेरिकेतल्या मिनिआपोलिसचा. बालपण शेजारच्या सेंट पॉलमध्ये. 1937 मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, घरच्या स्पाइक नावाच्या कुत्र्याचं त्यांनी काढलेलं चित्र रिप्ले यांच्या 'बिलीव्ह इट ऑर नॉट' या सदरात छापून आलं. टाचण्या आणि दाढीची पाती गिळतो, एवढीच त्या कुत्र्याची कीर्ती. स्नूपीचं मूळ या स्पाइकमध्ये आहे. पुढे पत्राद्वारे चित्रकला शिकवणाऱ्या मिनिआपोलिसच्या एका संस्थेत शुल्झ आधी विद्यार्थी होते आणि महायुद्धातून परतल्यावर शिक्षक. 1947 पासून सेंट पॉलच्या दैनिकात 'लिल फोक्स' हे त्यांचं सदर सुरू झालं. मोठ्या डोक्यांची छोटी मुलं तिथेच जन्मली.

2 ऑक्टोबर 1950 रोजी 'पीनट्स' सुरू झालं, अवघ्या सात वर्तमानपत्रांत. हे नाव वितरक सिंडिकेटने परस्पर ठेवलं आणि शुल्झ यांना ते कधीच रुचलं नाही. पण चित्रांच्या दृष्टीने नावापेक्षा दुसरी अट महत्त्वाची होती. रोज चार चौकटी, चारही एकाच मापाच्या. म्हणजे संपादकाला पट्टी आडवी लावता येईल, उभी रचता येईल, नाहीतर दोनावर दोन अशी चौरसात बसवता येईल. जागा कमी खाणारी पट्टी म्हणूनच ती विकली गेली. एवढ्याशा चौकटीत खुर्च्या, जिने, खिडक्या, दूरचं लहान दिसेल अशा पर्स्पेक्टिव्हमध्ये काढलेल्या भिंती कुठे मावणार? सुरुवातीच्या पट्ट्यांत त्या दिसतात, मग एकेक करून गळत जातात. गवत म्हणजे चार उभ्या रेघा. आकाश कोरं. ज्या रिकामेपणाला आज आपण त्यांची शैली म्हणून नावाजतो, तो निम्मा तरी कागदाच्या हिशेबातून आला, असं मला वाटतं.

नजरेची पातळीही ठरली ती हळूहळूच. चित्र मुलांच्या उंचीवरून पाहायचं, मोठ्या माणसांना जागा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला गेला असं नाही. 1954 च्या मे महिन्यात पट्टीतली मुलगी लूसी गोल्फच्या स्पर्धेत उतरते, त्या रविवारच्या पट्ट्यांत मागे मोठी माणसं सरळ उभी आहेत. ती तिथे उपऱ्यासारखी दिसतात. तो प्रयोग पुढे चालला नाही. लूसी स्वतः 1952 मध्ये आली तेव्हा तिचे डोळे गोल गरगरीत होते. नंतर इतरांसारखे ठिपके आले आणि बाजूला कंसासारखी एक रेघ. तिचा भाऊ लायनस यालाही तीच रेघ, त्या घराची खूण म्हणून.

सर्वांत लांबचा प्रवास स्नूपीचा. 1952 मध्ये त्याचे विचार फुग्यात उमटू लागले. विचार करणारा कुत्रा चार पायांवर किती दिवस राहणार? त्या दशकाच्या उत्तरार्धात तो मागच्या पायांवर नाचू-चालू लागला, मान आणि नाक लांबलं. 1958 मध्ये तो आपल्या घराच्या छपरावर चढून झोपला. आता टोकदार छपरावर कुत्रा पाठीवर झोपेल कसा? घर तिरकं, लांबी-रुंदी-खोली दाखवून काढलं की हा प्रश्न पडतोच. मग घर कायम बाजूने, सपाट दिसू लागलं आणि प्रश्नच मिटला. 1965 मध्ये तेच घर पहिल्या महायुद्धातलं लढाऊ विमान झालं. कथेने रेषेला वाकवलं, की रेषा सपाट झाली म्हणून कथा उडाली, हे सांगणं कठीण आहे.

हत्यार मात्र बदललं नाही. शुल्झ एस्टरब्रुक कंपनीचा 914 क्रमांकाचा 'रेडिओ' टाक वापरत. कंपनी बंद होतेय म्हटल्यावर त्यांनी उरलेला साठाच विकत घेऊन ठेवला. त्यांच्या पट्ट्यांमधला पाऊस मुद्दाम बघावा. टाकाच्या बारीक तिरक्या रेघांनी भरलेली चौकट. त्या पावसाचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्त होता.

1974 मध्ये गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा अमेरिकेत गेले तेव्हा त्यांची शुल्झ यांच्याशी भेट झाली होती. गोव्याच्या बाजारात शंभर माणसं, कुत्री, कावळे आणि बाल्कन्या कोंबणारा एक, आणि कुंपणाच्या एका भिंतीवर अख्खी पट्टी पेलणारा दुसरा. तोवर शुल्झ यांची रेषा पुरती मुरलेली होती.

1981 मध्ये त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या काळात हाताला कंप सुटला. पट्टीचा नायक चार्ली ब्राऊन याच्या गोल डोक्याची रेघ थरथरू लागली, फुगे वेडेवाकडे झाले. काम दुसऱ्याकडे सोपवून ही थरथर सहज लपवता आली असती. त्यांनी ती तशीच छापू दिली. नवल म्हणजे याच काळात, 1988 मध्ये, चार सारख्या चौकटींची सक्तीही त्यांनी सोडली. कधी तीन, कधी एकच लांब चौकट. हात कापत होता, तेव्हा मांडणी सैल आणि धीट होत गेली. या शेवटच्या दशकाला उतरता काळ म्हणणारे बरेच आहेत. मला तो तसा वाटत नाही.

1999 च्या डिसेंबरात त्यांनी आजारपणामुळे निवृत्ती जाहीर केली, तोवर 17,897 पट्ट्या झाल्या होत्या. 12 फेब्रुवारी 2000 च्या रात्री ते गेले आणि दुसऱ्या दिवशी शेवटची रविवारची पट्टी छापून आली. तिच्यात स्नूपी छपरावर टाइपरायटर घेऊन बसला आहे आणि वरच्या आकाशात जुन्या पट्ट्यांतले प्रसंग तरंगत आहेत.