कुलमुखत्यारावरील न्यायालयीन नियंत्रण

कुलमुखत्यारपत्राच्या आधारे दुसऱ्याची मिळकत किंवा पैसा सांभाळणाऱ्याच्या कारभाराची न्यायालयाकडून होणारी तपासणी. भारतात ती आपोआप होत नाही. मुखत्याराने कोर्टात ठरावीक काळाने हिशोब भरावा, अशी तरतूद १८८२ च्या मुखत्यारपत्र अधिनियमात नाही. मुखत्यारपत्र लिहून देणारा (मालक) किंवा त्याचे वारस दावा लावतात, तेव्हाच कोर्ट लक्ष घालते.

मुख्य साधन म्हणजे हिशोबाचा दावा. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१३ नुसार मागताक्षणी हिशोब देणे मुखत्याराला बंधनकारक आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १६ प्रमाणे कोर्ट आधी हिशोब घेण्याचा प्राथमिक हुकूमनामा करते, मग बहुधा कोर्ट कमिशनर नेमून हिशोब तपासून घेते, आणि निघालेल्या रकमेचा अंतिम हुकूमनामा होतो. समजा, खरेदीखतात ४० लाख रुपये आहेत आणि मालकाच्या खात्यात २८ लाखच जमा झाले. उरलेले १२ लाख मोजणी, कर, दलाली यांत गेले हे मुखत्यारानेच पावत्यांनिशी दाखवायचे असते. वह्या त्याच्या ताब्यात असूनही त्याने हजर केल्या नाहीत, तर कोर्ट त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. मालकाला अंधारात ठेवून त्याने स्वतःसाठी व्यवहार केला असेल, तर तो नफाही मालक मागू शकतो (करार अधिनियम, कलम २१६).

अनेक दावे ते लावण्याची मुदत टळल्यामुळे बुडतात. मुखत्यारी चालू असताना मागितलेला हिशोब नाकारला, तर त्या दिवसापासून तीन वर्षे. मागणीच झाली नसेल, तर मुखत्यारी संपल्यापासून तीन वर्षे. नकार आल्यावर नातेवाइकांच्या बैठका चालू राहतात आणि मुदत निघून जाते. बोलणी जरूर करावीत, पण मुदतीची तारीख धरून.

मुखत्यारपत्र रद्द केल्याची खबर नसलेल्या त्रयस्थाशी झालेला व्यवहार मालकावर बंधनकारक ठरू शकतो (करार अधिनियम, कलम २०८). म्हणून रद्दलेखासोबत मुखत्यार, बँक, भाडेकरू आणि ज्यांच्याशी सौदा चालू आहे त्या सर्वांना लेखी नोटीस द्यावी. विक्रीचा धोका असल्यास दाव्यातच तात्पुरता मनाई हुकूम मागावा.

सर्वांत मोठी उणीव वृद्धांच्या बाबतीत आहे. लिहून देणाऱ्याची समज गेली की करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी संपते. तरीही विस्मृतीच्या आजारातल्या आईवडिलांच्या नावचे जुने पत्र घरोघर वापरात राहते, आणि हिशोब मागू शकणारी व्यक्तीच उरलेली नसते. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याखालचे नोंदवलेले टिकाऊ मुखत्यारपत्र समज गेल्यावरही चालते. तिथले खास न्यायालय मुखत्याराकडून हिशोब मागवू शकते आणि पत्र रद्दही करू शकते. आपल्याकडे बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी उच्च न्यायालये राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली पालक नेमतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा पालकाला दर सहा महिन्यांनी व्यवहारांचा अहवाल देण्याची अट घातली.