अवरक्त छायाचित्रण, कोल्हापुरातील

अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाशात काढलेली छायाचित्रे व त्यांभोवती वाढलेला हौशी छायाचित्रकारांचा छंद. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. हे छायाचित्रण त्यापुढच्या, सुमारे १,००० नॅनोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात चालते. अंगाची किंवा यंत्राची उष्णता दाखवणारे थर्मल कॅमेरे याच्या दहापट लांब लहरी टिपतात. म्हणून या चित्रांत पांढरे दिसणारे झाड गरम असते, ही समजूत चुकीची आहे.

झाड पांढरे दिसते ते पानाच्या घडणीमुळे. हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेते. अवरक्त प्रकाश मात्र त्यातून आरपार जातो, पानातल्या पेशींच्या भिंती आणि हवेच्या पोकळ्या यांवर आपटून विखुरतो आणि मोठ्या प्रमाणात बाहेर फेकला जातो. आकाशाचे उलटे: हवा लांब लहरी फारशा विखुरत नाही, त्यामुळे निरभ्र आकाश गडद येते. पाणी हा प्रकाश शोषते आणि काळेभोर दिसते. विल्यम हर्शल यांनी १८०० मध्ये लोलक आणि तापमापक वापरून अवरक्त किरण शोधले. रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये अशी निसर्गचित्रे प्रसिद्ध केली. पाने पांढरी येण्याला त्यांच्याच नावाने वुड परिणाम म्हणतात.

ऊस, काळा दगड आणि पाणी या तिन्ही गोष्टी कोल्हापूरच्या आसपास हाताशी असल्याने हा परिसर या प्रयोगाला फार सोयीचा आहे. न्यू पॅलेसचा काळा दगड काळाच राहतो आणि भोवतीची झाडे पांढरी होतात. रंकाळ्यात संध्यामठाचा मंडप काळ्या पाण्यावर उभा दिसतो, शालिनी पॅलेसजवळचे माड बर्फात भिजल्यासारखे येतात. पन्हाळ्यावरून पाहिले तर दूरचा धूसरपणाही बराच कमी होतो, पण दाट धुके मात्र अवरक्तालाही भेदत नाही. त्यामुळे पावसाळ्याचे महिने जवळजवळ वायाच जातात. उत्तम वेळ म्हणजे दिवाळीनंतरची कडक दुपार. एरवी बारा वाजता कॅमेरा पिशवीत जातो, इथे तो तेव्हा बाहेर निघतो.

सुरुवात स्वस्तात होते. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचे. पडद्यावर त्याचा दिवा लुकलुकला तर तो कॅमेरा थोडेफार अवरक्त पाहतो. डिजिटल कॅमेऱ्याचे सिलिकॉन सेन्सर मुळातच या प्रकाशाला संवेदनशील असतात, पण कंपन्या त्यांच्यापुढे तो अडवणारी काच बसवतात. ही काच पूर्ण अडवत नाही, यावरच सगळा खेळ आहे. भिंगावर ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्यापुढचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावला, कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवला आणि भर उन्हात काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत एक्स्पोजर दिले की चित्र मिळते. आरशाच्या कॅमेऱ्यात फिल्टरमधून काहीच दिसत नाही, म्हणून चौकट आणि फोकस आधी जुळवून मग फिल्टर चढवायचा. एवढ्या वेळात उसाचा फड स्थिर राहत नाही: बांध आणि विहिरीचे कठडे टोकदार येतात आणि वरची पाती पिंजलेल्या कापसासारखी पसरतात. काहींना हा दोष वाटतो. मला तो उसाच्या चित्राचा प्राण वाटतो.

पुढची पायरी म्हणजे जुना कॅमेरा उघडून ती काच काढून टाकणे. मग हातात धरूनही फोटो निघतात. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवला. यंत्र उघडून पाहण्याची सवय या गावाला जुनी आहे. तरी जपून: फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही जोराचा झटका देण्याइतकी वीज उरते. आणि फिल्टरमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. काच काळी दिसते, पण डोळ्याला इजा करणारे किरण ती आत सोडते.

चित्रे एकमेकांना दाखवताना सोबत एक्स्पोजर, फिल्टर, भिंग आणि उन्हाची वेळ सांगणे अत्यावश्यक आहे. काही भिंगे चित्राच्या मधोमध पांढुरका डाग पाडतात. ते एकाने सांगितले की दुसऱ्याचे पैसे वाचतात. संगणकावर चित्रातल्या रंगांच्या तांबडी आणि निळी या वाहिन्यांची (चॅनेलांची) अदलाबदल करून आकाश निळे करण्याची पद्धत लोकप्रिय आहे, मात्र जांभळ्या-गुलाबी रंगांचा अतिरेक झाला की पान काय सांगते आहे ते हरवते. त्यापेक्षा एकाच जागेवरून काढलेले साधे आणि अवरक्त असे जोडचित्र जास्त बोलते. काळा सुती शर्ट त्यात अनेकदा फिकट राखाडी निघतो, कारण कापडाचा काळा रंग बऱ्याचदा फक्त आपल्या डोळ्यांपुरताच काळा असतो.

केंदाळाचे, म्हणजे पाण्यावर पसरणाऱ्या जलपर्णीचे जोडचित्र सगळ्यांत बोलके. साध्या फोटोत शेवाळलेले पाणी आणि त्यावरचे केंदाळ दोन्ही हिरवे दिसतात, कडा कळत नाही. अवरक्तात पाणी काळे आणि केंदाळ पांढरे होते, पसारा कुठवर आला ते एका नजरेत दिसते. उपग्रहही पिके याच तत्त्वावर ओळखतात. १९८८ मध्ये सोडलेल्या भारताच्या आयआरएस-१ए उपग्रहाच्या कॅमेऱ्यांतही अवरक्त पट्टा होता. निरोगी पान उजळ, सुकत चाललेले मळकट. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारखा पूर ओसरल्यावर नदीकाठच्या फडात पाणी कुठवर चढले होते, ते पाहायला हीच मळकट रेघ शोधावी.